बोअर घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक तीन शब्दांची असते: "अजून पन्नास फूट."

दाजींच्या शेतात तीन पाणाडे, म्हणजे पाण्याची जागा सांगणारे, येऊन गेले. एकाच्या तळहातावर बांधाजवळ नारळ उभा राहिला, दुसऱ्याच्या हातातली लाकडी बेचकी विहिरीपलीकडे फिरली, तिसऱ्यानं दोन्ही जागा बाद केल्या. नारळवाल्याची जागा ठरली, कारण बोअरची गाडी तिथपर्यंतच जात होती. मुरमात वीस फूट केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, गेलं आणि खाली काळा कातळ लागला. दोनशे फुटांवर नुसता फुफाटा. गाडीवाला म्हणाला, "दगड बदलतोय दाजी, अजून पन्नास घ्या." मी दर दहा फुटांचा चुरा रांगेनं मांडत होतो. तिसावा आणि चाळिसावा ढीग बादलीत धुऊन पाहिला, तर दोन्ही तसेच निळसर काळे. गाडीवाल्याचा दगड मात्र दर पन्नास फुटांना बदलत होता. ताईनं चहा आणला, त्यावर धुळीची साय धरली. ४८० फुटांवर दाजींचे पैसे संपले, दगड संपला नाही.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलाय. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग हातभर बाजूनं गेली तरी साडेसहा इंची भोक तिला चुकवतं. शिवाय खोल जावं तशा भेगा साधारणपणे कमी होतात आणि आवळत जातात. खाली काय आहे ते खणल्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून गाडी यायच्या आधीच मी थांबायचा आकडा कागदावर लिहितो आणि कागद आईकडे देतो. आकडा वाढवायचा तर तिच्याकडे मागावा लागतो. तिनं अजून एकदाही वाढवून दिलेला नाही.

पाणी शोधायच्या यंत्राला पाणी दिसतं, हा दुसरा गैरसमज. ते जमिनीत वीज सोडून विरोध मोजतं, बस. विरोध कमी आला तर खाली ओला खडक असेल, नाहीतर चिकणमाती. मी यंत्र जागा बाद करायला वापरतो, पाण्याची हमी मागायला नाही.

पाणाड्यांशी माझं भांडण नाही. त्यातल्या जुन्या माणसांना उतार, उंबर आणि ओढा बरोबर वाचता येतो. भांडण नारळाशी आणि बेचकीशी आहे. जर्मनीत कासेलला १९९० च्या सुमारास बेचकीवाल्यांची परीक्षा घेतली होती. अर्धा मीटर खोल पुरलेल्या नळीतून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. निकाल छापा-काट्याइतकाच आला. बेचकी फिरते, पण ती आपल्याच नकळत हललेल्या हातानं.

शेजाऱ्याच्या बोअरला तीन इंची पाणी आहे, ते त्याच्या भेगेचं.

उतावळ्यांना एक विनंती. श्रावणातल्या बोअरचं पाणी मिरवू नका, वैशाखात मोजा. तोवर मोटार आणि पाइपलाइनची उधारी करू नका.

कोरडं बोअर मात्र एक रात्रसुद्धा उघडं ठेवू नका, लेकरं पडतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय की सोडून दिलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून बंद करायचं. दाजींचं आम्ही त्याच संध्याकाळी भरायला घेतलं. मी मांडलेले ४८ ढीग घमेल्या-घमेल्यानं परत आत गेले.