जिल्ह्यांचा पर्यावरण इंडेक्स बनवताय? आधी शून्याचं बघा

एमएस्सी-पीएचडीला जिल्हानिहाय पर्यावरण शाश्वततेचा कंपोझिट इंडेक्स (अनेक इंडिकेटर मिळून एकच स्कोअर) विषय म्हणून घेतलेल्यांसाठी लिहितेय. असे इंडेक्स कसे बनवायचे याचं ओईसीडी-जेआरसीचं 2008 चं हँडबुक वाचलंय असं धरते. नसेल तर आधी ते वाचा, व्हिडिओ बघून हे काम होत नाही.

पहिल्यांदा चंद्रपूर समोर ठेवा. जिल्ह्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग जंगल, ताडोबा तिथेच, आणि तिथेच कोळसा खाणी, 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र, 2009 च्या सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) प्रदूषण निर्देशांकात 83.88 स्कोअर, तिथे जितका जास्त तितकं वाईट. साधी सरासरी घेतली की जंगलाचे मार्क हवेचं सगळं झाकून टाकतात. 0 ते 1 मध्ये मार्क दिले तर जंगलात 0.9 आणि हवेत 0.1 ची सरासरी 0.5, आणि दोन्हीकडे 0.5 असलेल्या जिल्ह्याचीही 0.5 च. म्हणून जॉमेट्रिक मीन (दोन मार्कांचा गुणाकार करून वर्गमूळ), त्यात पहिला जिल्हा 0.3 वर येतो. मानव विकास निर्देशांकानेही (एचडीआय) 2010 ला हेच केलं.

आता खड्डा, मी यात खूप दिवस अडकले होते म्हणून सावकाश सांगते. मिन-मॅक्स केलं, म्हणजे डेटातल्या सगळ्यात वाईट जिल्ह्याला 0 आणि सगळ्यात चांगल्याला 1 धरून बाकीचे मधे बसवले, की प्रत्येक इंडिकेटरमध्ये तळाच्या जिल्ह्याला शून्य मिळतं, मिळतंच, तो जिल्हा खरंच कितीही बरा असला तरी. आणि जॉमेट्रिक मीन म्हणजे गुणाकार, एक शून्य आलं की अख्खा स्कोअर शून्य. मग पाण्यात शेवटचा, जंगलात शेवटचा, हवेत शेवटचा असे तीन वेगवेगळे जिल्हे एकाच शून्यावर येऊन बसतात. यावर सगळे सांगतात शून्याच्या जागी 0.01 टाक. टाकू नका! दुसऱ्या इंडिकेटरमध्ये 0.8 असलेल्या जिल्ह्याला 0.01 टाकलं तर स्कोअर 0.09, 0.1 टाकलं तर 0.28, म्हणजे रँक जिल्ह्याने नाही तुम्ही ठरवली.

उपाय आहे, घाबरू नका. 0 आणि 1 ची टोकं डेटातून घ्यायची नाहीत, आधीच ठरवायची, एचडीआयमध्ये आयुर्मानाला 20 आणि 85 आहेत तशी. भूजल उपशात 70 टक्क्यांपर्यंत सुरक्षित आणि 100 च्या वर अतिशोषित ही सरकारी वर्गवारी आहेच, तिचा आधार घ्या, फक्त वाईट बाजूचं टोक कुठल्याही जिल्ह्याच्या पलीकडे ठेवा. जंगलाला 1988 च्या वननीतीतलं एक तृतीयांश वरचं टोक धरलं की 70 टक्क्यांच्या आसपास जंगल असलेल्या गडचिरोलीमुळे बाकी सगळे खाली दाबले जात नाहीत. तरी सोलापूरला मार खावा लागतोच आणि मला ते मनापासून पटत नाही, तिथलं माळरान हीच तिथली निसर्गसंपत्ती, माळढोकाचं जुनं घर, आणि आपण त्याला जंगल नाही म्हणून मार्क कापतो, उलट कोकणातल्या आंब्याच्या बागा वन सर्वेक्षणाच्या वनाच्छादनात मोजल्या जातात.

आणि कुठल्या इंडिकेटरला किती वजन (वेट) द्यायचं यावर "पीसीए लाव, वेट आपोआप येतात" म्हणणाऱ्या गाइडचं ऐकायच्या आधी विचार करा. पीसीए (प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस) कोरिलेशन बघतं, म्हणजे कुठले इंडिकेटर एकत्र वरखाली होतात ते, महत्त्व नाही. त्यापेक्षा समान वेट घ्या आणि का घेतले ते लिहा.

पालघर 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, जुनी सिरीज हवी असेल तर दोन्ही एकत्र धरा. शेवटी वेट बदलून बदलून चालवा आणि प्रत्येक जिल्हा कितव्यापासून कितव्या नंबरापर्यंत फिरतो ते टेबलातच द्या, व्हायव्हात विचारलं तर उत्तर हातात असेल.