प्रादेशिक विमान कंपनीत वैमानिक म्हणून रुजू होण्यापूर्वी काय तपासावे

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात येतो तेव्हा किमान २०० तासांचे उड्डाण झालेले असते आणि घरच्यांनी बहुधा पन्नास लाखांच्या वर खर्च केलेला असतो. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या घरांत त्यातील मोठा भाग कर्जाचा असतो आणि त्या कर्जाला काका किंवा मामा जामीन असतात. त्यामुळे पहिली नोकरी कोणतीही मिळो, ती घ्यावी, असा सूर घरात उमटणे स्वाभाविक आहे. तरीही प्रादेशिक कंपनीचे नियुक्तिपत्र समोर आले, की पगाराच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. त्या कंपनीत आपल्याला दरमहा प्रत्यक्ष किती तास उडायला मिळेल, आणि बाँड (ठरावीक मुदतीत नोकरी न सोडण्याचा करार) संपेल त्या दिवशी ती कंपनी उडत असेल का? एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स) या वरच्या परवान्यासाठी १५०० तास लागतात आणि कॅप्टन होण्याचा रस्ता तेथूनच जातो. ज्या वैमानिकाचे तास साचत नाहीत, त्याची चांगल्या पगाराच्या नोकरीतही वर्षे वाया जातात.

आधी विमान पाहावे. अलायन्स एअर आणि फ्लाय९१ यांच्याकडे एटीआर ७२-६०० आहे. सत्तरहून अधिक आसनांचे, सुमारे २३ टन वजनाचे, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे हे विमान आहे. स्टार एअरकडे एम्ब्रेअरची जेट विमाने आहेत. इंडिगोसारखी मोठी कंपनीही २०१७ पासून एटीआर चालवते, आणि तेथे पुढे एअरबसवर जाण्याची वाट कंपनीच्या आतच असू शकते. याउलट सेस्ना कॅरॅव्हॅन हे एक इंजिनाचे विमान आहे, तर ट्विन ऑटरचे कमाल उड्डाणवजन ५,६७० किलो आहे. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण मोठ्या कंपन्या अनेकदा ५,७०० किलोपेक्षा जड विमानावरचे तास मागतात. लहान विमानावर हात चांगला बसतो, यात शंका नाही. पण पुढे जिथे जायचे आहे त्या कंपनीची जाहिरात आधी वाचावी आणि मगच सही करावी.

तासांची माहिती मुलाखतीत नीट मिळत नाही. ती तेथे काम करणाऱ्या सहवैमानिकाकडून घ्यावी आणि प्रश्न नेमका विचारावा: ‘गेल्या तीन महिन्यांत तुमच्या लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) किती तास चढले?’ त्याचबरोबर, प्रशिक्षण पूर्ण होऊनही लाइनवर (नियमित प्रवासी उड्डाणांवर) न आलेले किती जण थांबले आहेत, हेही विचारावे. त्यानंतर स्वतः पडताळणी करावी. कंपनीच्या ताफ्यातील प्रत्येक विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाकून ते विमान गेल्या आठवड्यात कोणकोणत्या दिवशी उडाले, हे वहीत उतरवून घ्यावे. कंपनी दहा विमाने सांगत असेल आणि वहीत सहाच उडताना दिसत असतील, तर उरलेली चार इंजिन, सुटे भाग किंवा भाडे यांपैकी कशासाठी अडकली आहेत, हे विचारण्याचा पूर्ण हक्क आपल्याला आहे. गो फर्स्टची सेवा मे २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा ताफ्यातील जवळपास निम्मी विमाने इंजिनांअभावी आधीच जमिनीवर होती.

कंपनीची आर्थिक स्थिती घरबसल्या तपासता येते, आणि हा भाग घाईने उरकू नये. भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. तेथे व्यापारी नाव न टाकता कायदेशीर नाव टाकावे. उदाहरणार्थ, फ्लाय९१ ही जस्ट उडो एव्हिएशन या नावाने नोंदलेली आहे. कोणत्या महिन्याची वर्गणी कोणत्या तारखेला भरली आणि ती किती कर्मचाऱ्यांची होती, हे त्या तक्त्यात दिसते. वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. ती सतत एक-दोन महिने मागे पडत असेल, तर पगारही मागे पडत असण्याची शक्यता मोठी आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून ताळेबंद पाहता येतो. तो गावातल्या सनदी लेखापालाकडून वाचून घ्यावा. विमाने बहुतेक वेळा भाड्याची असतात. भाडे थकले, की मालक नोंदणी रद्द करण्याचा अर्ज डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) करतो आणि असे अर्ज डीजीसीएच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. त्या यादीत कंपनीचे नाव आढळले, तर सही थांबवावी.

मार्गांचाही विचार करावा. लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत साधारण तीन वर्षे सरकारी अनुदान मिळते आणि खरी परीक्षा त्यानंतर असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) २०२३ च्या अहवालानुसार मंजूर ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, त्यांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत अनुदानाशिवाय टिकले ते केवळ ५४. म्हणून कंपनीचे किती मार्ग अनुदानावर आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हे मुलाखतीत विचारावे.

आपल्याकडे आणखी एक ओढ असते. स्टार एअरचा उद्योगसमूह जयसिंगपूर परिसरातला, शिवाय विमान कोल्हापूरला उतरते, म्हणजे मुलगा किंवा मुलगी घरून नोकरी करेल, असे आई-वडिलांना वाटते. ही आपुलकी मला पूर्ण समजते. परंतु विमान जिथे उतरते तो बेस (वैमानिकाच्या नेमणुकीचे ठिकाण) असतोच असे नाही, आणि बेस कोणता हे नियुक्तिपत्रात लिहिलेले असले पाहिजे. तो बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असेल, तर घरभाड्याची तजवीज कोणाची, हेही त्यात यावे. प्रादेशिक सेवेत तासाभराचे सेक्टर (एकेक उड्डाण) असतात आणि दिवसाला चार-चार, कधी अधिक उतरणी होतात. शिकायला हे उत्तम असते, पण थकवाही तेवढाच येतो. डीजीसीएच्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आहे. प्रत्यक्षातील रोस्टर (कामाचे वेळापत्रक) मागून ते या नियमाशी ताडून पाहावे.

बाँड मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय स्वीकारू नये. टाइप रेटिंगचा (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा आणि पात्रतेचा) खर्च कोणाचा, बाँडची रक्कम दरवर्षी कमी होते का, प्रशिक्षण कंपनीमुळे रखडले तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, आणि पगार थकला किंवा विमाने उभी राहिली तर बाँड आपोआप संपतो का, ही चार उत्तरे कागदावर हवीत. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई ठरवते. धनादेशाची गोष्ट वेगळी आहे. तो न वटल्यास फौजदारी खटला उभा राहू शकतो, म्हणून सही केलेले कोरे धनादेश कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत.

नोकरी सोडण्याचे नियमही आधीच माहीत असावेत. डीजीसीएने २०१७ मध्ये सूचनाकाल (नोटीस पीरियड) सहवैमानिकासाठी सहा महिने आणि कॅप्टनसाठी एक वर्ष ठरवला. कमांड (कॅप्टनपद) मिळण्याच्या आधी कंपनी बदलायची की नंतर, हा हिशेब त्यामुळे रुजू होतानाच मांडावा लागतो. आणि त्यासाठी मागील दोन वर्षांत त्या कंपनीत किती सहवैमानिक कॅप्टन झाले, हा आकडा मुलाखतीतच मागून घ्यावा.