दोन-तीन ऑफर हातात आल्यावर नक्की काय करायचं

नोटीस पिरियड सुरू झाला आणि नोकरीच्या साईटवर लास्ट वर्किंग डे टाकला की फोन सुरू होतात. ज्याला सहा महिने कोणी विचारत नव्हतं त्याला शेवटच्या महिन्यात दोन-तीन ऑफर येतात, आणि मग घाबरून पहिली अ‍ॅक्सेप्ट, दुसरी पण अ‍ॅक्सेप्ट, आणि जॉइनिंगच्या दिवशी एकाचा फोन बंद. मी रिक्रूटमेंटमध्ये बरीच वर्षं काढलीयेत म्हणून कळकळीने सांगतो, हे असं करू नका, नीट बोलून यापेक्षा जास्त मिळतं.

आधी कागद घ्या. सीटीसीचा (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आकडा बाजूला ठेवा आणि प्रत्येक ऑफरचा ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती पैसे, मागा, एचआर देतात, त्यात लाजायचं काही नाही. समजा एक ऑफर १६ लाखाची आहे आणि दुसरी साडेचौदाची. पहिलीत २ लाख व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, नक्की नसलेला भाग) आणि १ लाख जॉइनिंग बोनस आत धरलाय, म्हणजे फिक्स्ड उरले १३. दोन्हीत बेसिक ६ लाख धरलं तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ७२ हजार, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी साधारण २९ हजार, हे पण सीटीसीतच असतात. ते काढले, तुमचा स्वतःचा पीएफ महिना ६ हजार आणि प्रोफेशनल टॅक्स २०० काढला की इन्कम टॅक्सच्या आधी पहिलीत महिन्याला साधारण ९३,७०० येतात आणि दुसरीत १ लाख ६ हजाराच्या वर!! कारण दुसरीत सगळं फिक्स्ड आहे. दीड लाखाने "कमी" असलेली ऑफर महिन्याला साडेबारा हजार जास्त देते. व्हेरिएबल मिळालं तर वार्षिक गणित जवळ येतं, पण ते गेल्या वर्षी किती टक्के दिलं हे एचआरला सरळ विचारा, आणि शक्य असेल तर तिथे काम करणाऱ्या कोणाला पण.

याच कागदावर बाकीचं पण लिहा. ऑफिसला आठवड्यातून किती दिवस, नवीन कंपनीचा नोटीस ३० दिवस की ९० (पुढच्या वेळी हेच नडतं), काम कुठल्या टेक्नॉलॉजीवर, मॅनेजर कोण. पुण्यात हडपसरला राहणाऱ्याने खराडीची आणि हिंजवडीची ऑफर फक्त पैशावर तोलू नये, रोजचे प्रवासाचे तास पण त्यात धरा.

आता वेळ मागणं. ऑफरला बहुतेक दोन-तीन दिवसांची मुदत असते आणि एचआर घाई करतात कारण त्यांना पण पोझिशन क्लोज करायची असते. फोन करून सांगा, "मॅडम, ऑफर आवडलीये, अजून एका ठिकाणचा फायनल राउंड गुरुवारी आहे, मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नक्की कळवतो" आणि मग तेच मेलवर टाका. तारीख द्या आणि ती पाळा. "बघतो, सांगतो" म्हणणाऱ्याला कोणी थांबत नाही. आणि जी कंपनी खरंच हवीये तिच्या एचआरला पण कळवा की हातात लेटर आहे, अडकलेले राउंड कधीकधी दोन दिवसांत होतात.

पैशाची बोलणी एकदाच करा आणि सगळं एकत्र मागा. आज फिक्स्ड, उद्या बोनस, परवा वर्क फ्रॉम होम असं तुकड्यातुकड्याने मागितलं की समोरचा वैतागतो, त्याला पण दर वेळी वर जाऊन अप्रूव्हल आणावं लागतं. मेल इंग्रजीतच जाईल, पण आशय असा ठेवा: तुमच्याकडचं काम मला जास्त आवडलंय, दुसरीकडे फिक्स्ड साडेचौदा लाख मिळतायत, तुम्ही फिक्स्ड १४ केलंत तर मी आजच अ‍ॅक्सेप्ट करतो. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण एचआरला वर जाऊन भांडायला तेच लागतं. पण ते लिहिलं तर मग खरंच अ‍ॅक्सेप्ट करायचं. बँडमुळे (त्या पदाच्या पगाराच्या मर्यादेमुळे) फिक्स्ड वाढत नसेल तर जॉइनिंग बोनस किंवा नोटीस बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे नवीन कंपनीने भरणं) मागा. बोनस मिळाला तर अट वाचा, वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का, आणि टॅक्स कापून हातात आलेली रक्कम परत द्यायची की पूर्ण, हे लेखी घ्या.

दुसऱ्या ऑफरचा आकडा खोटा सांगू नका, लेटर एडिट करून तर अजिबातच नाही, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पकडलं गेलं की दिलेली ऑफर पण मागे घेतात. लेटरची कॉपी मागितली तर कंपनीचं नाव झाकून फक्त ब्रेकअपचं पान दाखवू का असं विचारा, बऱ्याच ठिकाणी चालतं. आणि तोंडी ऑफरवर राजीनामा नको, कंपनीच्या अधिकृत मेलवरून लेटर आल्याशिवाय काहीच पक्कं नाही.

दोन्हीकडे जॉइन होऊन आठवडाभर बघू, हा सल्ला पण फिरतो. यूएएन (तुमचा पीएफचा नंबर) एकच असतो, दोन कंपन्यांनी पीएफ भरला की सर्व्हिस हिस्टरीत तारखा एकमेकांवर येतात आणि पुढच्या व्हेरिफिकेशनला त्याचं उत्तर देत बसावं लागतं.

ठरलं की त्याच दिवशी बाकीच्यांना फोन करा. आधी फोन, मग चार ओळींचा मेल, एचआरला आणि ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्यांना पण. कारण विचारलं तर थोडक्यात खरं सांगा, "काम माझ्या लाइनच्या जास्त जवळचं आहे" एवढं पुरतं, कुठल्या कंपनीत जाताय हे सांगायलाच पाहिजे असं नाही. ते थोडे नाराज होतील, होऊ देत, पण तुम्ही लवकर कळवलंत तर ती जागा दुसऱ्या नंबरच्या कॅन्डिडेटला मिळते, आणि तो पण कुठेतरी फोनची वाटच बघत असतो.