रोस्ट पोर्क सँडविचचे मर्म रसात

फिलाडेल्फियातील इटालियन-अमेरिकन रोस्ट पोर्क सँडविच घरी करायचे असेल, तर लसूण, रोझमेरी आणि बडीशेप चोळून भाजलेला डुकराच्या खांद्याचा तुकडा त्याच दिवशी कापू नये. रात्रभर फ्रिजमध्ये घट्ट होऊ दिल्यास त्याचे कागदासारखे पातळ काप निघतात. भाजताना सुटलेला रस गाळून, वर गोठलेली चरबी काढून तो मंद आचेवर तापवावा आणि काप त्यात केवळ गरम होईपर्यंत ठेवावेत, कारण उकळी आली की मांस चिवट होते. मुरलेल्या, तिखटसर प्रोव्होलोन चीजला सौम्य चीजचा पर्याय माझ्या मते चालत नाही. सलगमच्या जातीची कडसर ब्रोकोली राब ही भाजी लसणावर परतून नीट निथळावी, अन्यथा तीळ लावलेला कडक पाव लगेच भिजून फाटतो.