द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला टेंपरेचर सेन्सर कोणता घ्यायचा

दिंडोरी-पिंपळगावकडं सीझन आला की हा प्रश्न येतोच, आणि दुकानदार तर जे शिल्लक असेल तेच गळ्यात मारतो. आधी बघा तुम्हाला किती अचूक पाहिजे. द्राक्षं शून्याच्या आसपास ठेवतात, दोनेक डिग्री अजून खाली गेलं की मणी गोठायची भीती, म्हणजे के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर) इथं नकोच, त्याची चूकच २ डिग्रीच्या वर जाऊ शकते, ते भट्टीला ठीक.

माझं मत सरळ पीटी१००, म्हणजे तापमानाप्रमाणं रेझिस्टन्स बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर, आणि त्यातला जास्त अचूक दर्जा, क्लास ए. शून्याला चूक फक्त ±०.१५ डिग्री. पण थ्री वायरच घ्या हां (तिसऱ्या वायरमुळं केबलचा रेझिस्टन्स वजा करता येतो), कारण पीटी१००चा रेझिस्टन्स डिग्रीमागं फक्त ०.३८५ ओहम बदलतो, टू वायरमध्ये लांब केबलचा १ ओहम जरी वाढला तरी रीडिंग अडीच डिग्री जास्त दाखवतं आणि आपण उगाच कॉम्प्रेसर पळवत बसतो.

बजेट कमी असेल तर डीएस१८बी२० हा छोटा डिजिटल सेन्सर चालतो, ±०.५ डिग्री, फक्त मार्केटमध्ये डुप्लिकेट लई आहेत.

कुठलाही घ्या, बसवायच्या आधी बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी थर्मासमध्ये घालून प्रोब मधोमध धरा, तळाला टेकवू नका, दहा मिनिटांनी शून्य दाखवायला पाहिजे. एक्स्पोर्टवाल्यांनी एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे सेन्सर तपासल्याचा दाखला, पण मागा.

आणि प्रोब दारापाशी किंवा फॅनसमोर नको, एखादा तरी पेटीत घडांच्या मध्ये खुपसून ठेवा, हवा लवकर गार होते, माल नाही.