ताट समोर आल्याशिवाय सुई नाही

चाकणला ट्रकमध्ये सुटे भाग भरायचे आणि सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, वेल्लोर करत चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरला खाली करायचे. एका बाजूचे जवळपास बाराशे किलोमीटर. ही लाईन मी २२ वर्षं मारतोय, आणि त्यातली शेवटची ६ वर्षं इन्सुलिन सोबत घेऊन. नव्यानं सुई लागलेले ड्रायव्हर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अण्णा, वेळ कशी पाळता?"

पाळत नाही. लाईनीवर वेळ पाळता येत नाही. म्हणून सुई घड्याळाला बांधायची नाही, ताटाला बांधायची.

हे मी कुठं शिकलो ते सांगतो. एका कारखान्याच्या गेटवर रात्रभर लाईनीत होतो. सकाळी साडेसातला सुई टोचली, कारण इडलीची गाडी पलीकडंच उभी होती. तेवढ्यात वॉचमननं नंबर पुकारला. नंबर जाईल म्हणून इडली न खाताच गाडी आत घेतली. डॉकला रिव्हर्स लावताना आरशात खांब दोन दिसायला लागले, शर्ट पाठीला चिकटला. क्लीनर मागून ओरडतोय, "आन दे, आन दे, थांब!" थांब ऐकू आलं, पण पाय ब्रेकवर जायलाच उशीर झाला. डॉकचं रबर दबलं, एवढ्यावर निभावलं. साखर मोजायचा मीटर लावला तर ५२, म्हणजे साखर फार खाली.

तेव्हापासून क्रम असा. ढाब्यावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, चावी खिशात. आधी मीटर. मग ऑर्डर, मग सुई, आणि अर्ध्या तासात जेवण. माझी सुई ३०/७० मिक्सची आहे, म्हणजे ३० भाग जलद आणि ७० भाग धीमं इन्सुलिन, तिला तेवढा वेळ लागतो. तुमची वेगळी असेल तर अंतर डॉक्टरांकडून विचारून घ्या. गेटवर, टोलच्या रांगेत, घाटात कोंडी असताना सुई घ्यायची नाही. आणि दुपारचं जेवण टाळायचं नाही. सकाळच्या मिक्समधला धीमा भाग दुपारीच जोर धरतो. पोट रिकामं असेल तर तो गाडीत एकटाच राज्य करतो.

चावी फिरवायच्या आधी मीटर ९० च्या वर हवा. त्याच्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं. ७० च्या खाली गेला तर ३ चमचे ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटं थांबून परत मीटर, वर आला की चपाती किंवा बिस्किट. नंतरसुद्धा ४५ मिनिटं गाडी हलवायची नाही. आकडा आला तरी डोकं मागं राहिलेलं असतं. ग्लुकोजचा डबा ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात ठेवा. वर बर्थवर ठेवलात तर गरजेच्या वेळी हात पोचत नाही. पेढा, चिक्की असलं काही त्या वेळी कामाचं नाही. त्यातल्या तुपा-दाण्यामुळं साखर उशिरा चढते.

शेठ घाई करतो, भाडं जातं म्हणतो. मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलाचा हिशेब २०० किलोमीटरला एक दिवस असा असतो, म्हणजे ह्या फेरीला कागदावर सहा दिवस मिळतात. ४५ मिनिटांनी माल नासत नाही हे त्याला एकदा शांतपणे सांगून बघा. मी सांगितलं. तो अजून कुरकुरतो.

आता इन्सुलिन सांभाळणं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. माझी गाडी २०१७ ची आहे. मे महिन्यात डॅशबोर्डवर हात ठेववत नाही, तिथं बाटली ठेवली तर औषधाचं पाणी होतं. मी छोटं मडकं घेतलंय, त्याला ओलं गोणपाट गुंडाळतो, आत कोरड्या डबीत बाटली, आणि मडकं सीटच्या मागं पाचर मारून. गोणपाट दर थांब्यावर ओलं करायचं. तुमकूरपर्यंत हे झकास चालतं. वेल्लोरच्या पुढं हवा दमट, गोणपाट वाळतच नाही, त्यामुळं गारवाही येत नाही. तिथून थर्मासमध्ये गार पाण्याची छोटी बाटली आणि कापडात गुंडाळलेली इन्सुलिन. बर्फाला थेट टेकवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन गेलं कामातून. तळहातात घोळवल्यावरही गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरं चिकटून राहिलं तर बाटली टाकून द्या. मला दिवसाला ३६ युनिट लागतात, ४०० युनिटची बाटली ११ दिवस पुरते. तरी दुसरी सोबत असतेच.

सिरिंजचं मात्र नीट वाचा. बाटलीवर ४० (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० असेल तर केशरी. एकदा माझ्या सिरिंज संपल्या. रात्री घाईत केशरी घेतल्या आणि ४० च्या बाटलीतून नेहमीसारखं २२ च्या रेघेपर्यंत ओढलं. अंगात गेले जेमतेम ९ युनिट. दोन दिवस मीटर ३०० च्या वर आणि मी ढाबेवाल्याच्या भाताला शिव्या देतोय. उलटी चूक झाली, म्हणजे १०० च्या बाटलीला लाल सिरिंज लावली, तर अडीच पट डोस जातो, तिथं शिव्या द्यायलाही कोणी उरत नाही.

खाण्याचं सांगायचं तर हुबळीच्या पट्ट्यात आपली चैन असते. खानावळीत जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच, सोबत भरलं वांगं आणि शेंगाची चटणी. चित्रदुर्गच्या पुढं भात सुरू होतो, तिथं मी नाचणीचा मुद्दे (शिजवलेल्या पिठाचा गोळा) मागतो, तोही अर्धा, आणि सांबारातल्या भाज्या जास्त. चहावाल्याला कन्नडमध्ये "सक्करे बेड" म्हणायचं. तमिळनाडूत नुसतं "शुगर" म्हटलं तरी माणूस समजून मान हलवतो. लघवीला उतरावं लागतं म्हणून पाणी कमी पिऊ नका, त्यानं डोकं जास्त बिघडतं.

क्लीनरला सगळं शिकवा. माझ्या क्लीनर पोराला ठाऊक आहे: अण्णा गप्प झाले किंवा उगाच चिडले तर म्हणायचं, "मीटर लावा." बेशुद्ध पडलो तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ लावायचा. हायवेवर मदतीला १०३३ आहे.

पायांचं शेवटी, कारण मीही शेवटीच शिकलो. शुगरमुळं तळव्यांना समजेनासं झालंय. कोल्हापूर ते हुबळी बुटात वॉशर घेऊन चालवलं आणि कळलं ते मोजा लाल झाल्यावर. जखम भरायला दोन महिने. आता चप्पल बंद, इंजिनजवळच्या तापलेल्या पत्र्यावर अनवाणी पाय बंद, आणि रात्री पोरगं बॅटरी मारून तळवे बघतं. सकाळी बूट तोच उलटा करून आपटतो. परवा त्यातून भाजलेला शेंगदाणा पडला. तो उचलून म्हणतो, "अण्णा, ह्याची शुगर किती असंल?"