सीलिंगच्या वर वायर जोडताना या चुका टाळा

पीओपीच्या वर गेलेला जोड पुन्हा कुणाला दिसत नाही, म्हणून तिथलं 'चालतंय की' वालं काम पाच-सात वर्षं खरंच चालतं. मग बोलावणं मला, इलेक्ट्रिशियनला, येतं.

पहिला मान पिळून काळी टेप गुंडाळण्याला. कोथरूडमधला शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट, एप्रिल महिना. दुपारी एसी लावला की तासाभरात बेडरूममध्ये कुजक्या मासळीसारखा वास. काकूंची खात्री, वर पाल मेलीय. दोनदा पेस्ट कंट्रोल करून झालं होतं. मी कोपऱ्यातला स्पॉटलाइट काढला, भोकातून मोबाइल वर घालून फोटो काढला. चार एमएमची वायर दोन हात कमी पडली, म्हणून कुणीतरी तुकडा पिळून जोडला होता. टेपचा गोंद सीलिंगच्या बोर्डावर ओघळलेला, वायरचं इन्सुलेशन वीतभर तपकिरी आणि बोटाने मोडेल इतकं कडक.

"अहो, पण एमसीबी एकदाही पडला नाही!" काकू म्हणाल्या. पडेल कसा? एमसीबी म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. सैल जोडात करंट वाढत नाही, उष्णता वाढते. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, एमसीबी २० चा. जोडात अर्धा ओहम अडथळा आला तरी ८ अँपिअरला ३२ वॅट उष्णता होते. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. शॉकपासून वाचवणारा स्विच, आरसीसीबी, तोही गप्पच, तो फक्त करंटची गळती बघतो.

जुनी वायर ओढून तिच्यामागे नवी अखंड वायर घातली. अर्धा दिवस गेला. नव्या पोरांना हाच अर्धा दिवस जड जातो. एसी आणि गीझरच्या लाइनला मी मध्ये जोड देतच नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

लाइटच्या लाइनला द्यावाच लागला तर बॉक्समध्ये, आणि बॉक्स हात पोचेल तिथे. इंटिरियरवाल्यांना ट्रॅप डोअर, म्हणजे सीलिंगमधलं उघडायचं झाकण, दिसायला नको असतं. मग मी स्पॉटलाइटच्या भोकाशेजारी बॉक्स ठेवतो.

वायर जोडायची स्क्रूवाली प्लॅस्टिकची पट्टी बंद जागेत नको. तांब्याचे तंतू दाबाखाली बसत जातात, स्क्रू सैल पडतो, आणि आवळायला वर कोण जाणार? ब्रिटनच्या बीएस ७६७१ या नियमातही हात न पोचणाऱ्या जागी साधा स्क्रूचा जोड चालत नाही. मी लिव्हरचे स्प्रिंग कनेक्टर पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणतो. टेपच्या रोलपेक्षा एक नग महाग, म्हणून कुरकुर ऐकावी लागते. कनेक्टरच्या अंगावर लिहिलंय तेवढीच वायर सोलायची, एकही तंतू बाहेर नको, लिव्हर दाबल्यावर प्रत्येक वायर एकेकटी ओढून बघायची. मी दोनदा ओढतो.

साध्या पकडीने चेपलेली थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) म्हणजे क्रिम्पिंग, खास हत्याराने दाबलेला जोड, नव्हे.

जुन्या अॅल्युमिनियमच्या वायरला तांबं थेट पिळू नका.

न्यूट्रल 'थंड' म्हणून सैल सोडू नका, सगळा करंट तिथूनच परत जातो.

आणि मेन बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असं समजू नका, इन्व्हर्टरची लाइन चालूच असते. गेल्या वर्षी माझ्याच हाताखालच्या पोराला शिडीवर झटका बसला. शिडी मी धरली होती म्हणून तो पडला नाही. टेस्टर त्याच्या खिशातच होता.